फळा, पडदा व शिक्षकाचा अभ्यास

आमच्या शाळेच्या पालकसभेत गेली तीनचार वर्षे एक प्रश्न न चुकता निघतो. "इतर शाळांत वर्गोवर्गी डिजिटल फळे बसले, आपल्याकडे ते केव्हा बसणार?" प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. आपल्या मुलास जे जे उत्तम ते मिळावे, ही इच्छा कोणत्या आईबापांस नसेल? परंतु या प्रश्नास केवळ 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर देऊन भागत नाही, असे आम्हांस वाटते. कारण त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे व तो सहसा कोणी विचारीत नाही. तो असा की, फळा बसल्यावर त्याच्यापुढे उभा राहणारा शिक्षक त्या दिवशी काय करणार आहे? वार्षिक अंकाच्या निमित्ताने या दुसऱ्या प्रश्नाविषयी चार शब्द विद्यार्थी व पालक यांच्यापुढे ठेवावे, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक खुलासा. यंत्र दिसले की नाक मुरडावयाचे, या पंथातले आम्ही नव्हे. शिक्षकाच्या हाती साधने आजच आली असेही नाही. पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवीत. तिच्या जागी दगडी पाटी आली. मग छापील पुस्तक आले. आज पुस्तकास कोणी यंत्र म्हणणार नाही, पण मुंबईत मिशनच्या छापखान्यात व पुढे शिळाछापावर मराठी पुस्तके निघू लागली, तेव्हा ती केवढी नवलाई होती याची कल्पना करावी! त्यानंतर मॅजिक लँटर्नच्या काचा आल्या, रेडिओवरील शालेय पाठ आले. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह उसना घेऊन आपल्या देशाने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविली. सकाळी शाळेतील मुलांसाठी व सायंकाळी ग्रामस्थांसाठी कार्यक्रम होत, आणि शिक्षकांसाठी विज्ञानाचे वर्गही त्याच मार्गाने भरविण्यात आले. पुण्यास १९८४ साली बालचित्रवाणी ही संस्था निघाली. आजच्या कित्येक पालकांनी तिचे कार्यक्रम लहानपणी पाहिले असतील. २०१७ साली ती बंद झाली. उपग्रहाचा करार संपला, संस्था मिटली, काचा फुटल्या. फळा मात्र राहिला.

तो का राहिला, याचा विचार करण्यासारखा आहे. तो स्वस्त आहे आणि वीज गेली तरी चालतो, ही कारणे खरीच. पण आमच्या मते त्याचा मुख्य गुण निराळा आहे. फळ्यावर मजकूर एकदम प्रकट होत नाही. शिक्षकाचा हात ज्या वेगाने चालतो, त्याच वेगाने तो उमटतो, आणि तो वेग साधारणपणे मुलांच्या विचाराच्या वेगाशी जुळतो. गणित सोडविताना शिक्षक मध्येच थांबतो, एक पद पुसतो, पुन्हा लिहितो. मुले ते सर्व पाहतात. उत्तर कसे घडते हे त्यांस दिसते. पडद्यावर मात्र सोडविलेले उदाहरण एका बोटासरशी संपूर्ण उभे राहते. मुले ते वहीत उतरवून घेतात आणि आपणांस समजले असे समजतात. ज्या शिक्षकास हा भेद ठाऊक आहे, त्याच्या हाती पडदा द्यावा. ज्यास ठाऊक नाही, त्यास तो आधी समजावून द्यावा.

केवळ यंत्रे वाटली असता काय होते, याचे एक मोठे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाचे आहे. तेथील सरकारने २००८ पासून 'दर मुलास एक लॅपटॉप' या योजनेखाली लाखो लहान संगणक शाळांत वाटले. काही वर्षांनी, म्हणजे २०१२ साली, खेड्यापाड्यांतील ३१९ प्राथमिक शाळांची पाहणी प्रसिद्ध झाली. मुलांस संगणक हाताळता येऊ लागला होता, परंतु गणित व भाषा या विषयांच्या चाचण्यांत, ज्या शाळांस संगणक मिळाले त्या व ज्यांस मिळाले नाहीत त्या, यांमध्ये सांगण्यासारखा फरक आढळला नाही. बी उत्तम होते, पण पेरणारास पेरणी शिकविण्याचे राहून गेले होते.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण घेऊ. ते आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत श्री. रणजितसिंह डिसले हे २००९ साली शिक्षक म्हणून रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली असून तिला गोठ्याची कळा आली होती. मुलांच्या घरची भाषा कानडी आणि पुस्तके निराळ्या भाषेत. डिसले गुरुजींनी आधी कानडी शिकून घेतली. मग पुस्तकांतील मजकूर मुलांच्या भाषेत आणला, आणि पाठापाठांवर क्यूआर कोडाचे चौकोनी ठसे लावले. मोबाईल त्यांवर धरला की कविता ऐकू यावी, पाठाचे चित्रीकरण दिसावे, प्रश्न सोडवावयास मिळावेत. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांस दहा लाख डॉलरांचे जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झाले व त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. वर्तमानपत्रांत या वाटणीची वाखाणणी झाली, ती योग्यच होती. पण आम्हां शिक्षकांनी लक्षात घ्यावयाची गोष्ट दुसरी आहे. क्यूआर कोड हा काही शाळेसाठी निर्माण झालेला नाही. १९९४ साली जपानात मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी तो शोधण्यात आला. तो ठसा म्हणजे निव्वळ दार होय. दाराआड काय ठेवावयाचे, हे त्या शिक्षकाने रात्री बसून तयार केले, आणि त्यापूर्वी मुलांची भाषा शिकण्याचे कष्ट घेतले. पारितोषिकाचे श्रेय ठशास नसून त्या रात्रींस व त्या कानडीस आहे, असे आम्ही समजतो. आज बालभारतीच्या पुस्तकांवर असाच ठसा छापलेला असतो. घरोघरी ते पुस्तक आहे. ते दार उघडून आत गेलेली मुले वर्गात किती निघतील, हा हिशेब पालकांनी घरी करून पाहावा.

वर्गातील उपयोगाविषयी बोलावयाचे तर तीन विषयांची उदाहरणे देतो, म्हणजे आमचे म्हणणे मोघम राहणार नाही.

भूमिती घ्या. ऑस्ट्रियातील मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली आरंभिलेले जिओजेब्रा नावाचे साधन शाळांस विनामूल्य मिळते. अर्धवर्तुळावर एक बिंदू घेऊन तो व्यासाच्या दोन्ही टोकांस जोडावा व मग बोटाने तो बिंदू वर्तुळावरून फिरवीत न्यावा. त्रिकोण लांबतो, आखडतो, कलतो, पण त्या बिंदूपाशी होणारा कोन ९० अंशांचाच राहतो. फळ्यावर शिक्षक असे चार त्रिकोण काढील, पाच काढील. येथे क्षणात शेकडो दिसतात. मुलांच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटते. हे आश्चर्य मोलाचे आहे. परंतु नेमक्या याच ठिकाणी पडदा बंद करावयास हवा आणि विचारावयास हवे, "असे का होते?" शेकडो वेळा दिसणे ही सिद्धता नव्हे. केंद्रापासून त्या बिंदूपर्यंत त्रिज्या काढली असता दोन समद्विभुज त्रिकोण होतात, हे मुलांनी वहीत, पेन्सिलीने, आपल्या आपण काढले पाहिजे. पडद्याने प्रश्न निर्माण करावा, उत्तर वहीने द्यावे.

विजेच्या पाठाची गोष्ट थोडी निराळी आहे. भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे कार्ल वाइमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' या नावाने विज्ञानाचे आभासी प्रयोग तयार करण्याचे कार्य सुरू केले. त्यांतील पुष्कळ प्रयोग आज मराठीतही आहेत. त्यात तार, दिवा व घट जोडले म्हणजे तारेतून इलेक्ट्रॉन वाहताना दिसतात. खऱ्या तारेत ते कोणास कधी दिसावयाचे नाहीत. या बाबतीत पडद्याची सरशी आहे. पण पडद्यावरील घट सहसा कुरकुरत नाही, जोड सैल राहत नाही. प्रयोगशाळेत मात्र चाळीस मुलांपैकी दहांचा दिवा लागत नाही. तो का लागत नाही, हे शोधण्यासाठी तारेचे टोक खरवडणे, घट पालटून पाहणे, दिवा दुसऱ्याच्या मंडलात लावून पाहणे, ही जी खटपट होते, तीच विज्ञानाची पहिली पायरी होय. म्हणून आधी खरा दिवा, मग पडद्यावरचे इलेक्ट्रॉन, हा क्रम आम्हांस बरा वाटतो. उलट क्रमाने शिकविणाऱ्या शिक्षकांशी आमचा वाद आहे, आणि तो शिक्षकांच्या खोलीत अजून मिटलेला नाही.

भूगोलात समोच्चरेषा हा मुलांस नेहमी जड जाणारा भाग. इस्रोच्या 'भुवन' या नकाशावर डोंगर शोधून दाखवावा. मग एक मोठा बटाटा अर्धा चिरून त्याच्या आडव्या चकत्या कराव्या व प्रत्येक चकतीची कड एकाच कागदावर एकात एक गिरवावी. रेषा जवळ आल्या तेथे चढ उभा, दूर गेल्या तेथे उतार सौम्य, हे मुलाचा हातच त्यास सांगतो. दोन्ही साधने एकाच तासात बसतात. खर्च एका बटाट्याचा!

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. कोणते चित्र, कोणत्या क्षणी, किती वेळ दाखवावयाचे व केव्हा बंद करावयाचे, हे यंत्र ठरवीत नाही. ते शिक्षकाने आदल्या दिवशी ठरविलेले असावे लागते. यास्तव शिक्षकाचा स्वतःचा अभ्यास हा या विषयाचा गाभा होय, आणि त्याविषयी पालकसभेत एक अक्षरही निघत नाही, हे आम्हांस खटकते.

पूर्वी तालुक्याच्या गावी असलेल्या शिक्षकाचे ग्रंथालय म्हणजे लाकडी कपाटातील शेपन्नास पुस्तके. आज मोल्सवर्थ साहेबांचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या कृपेने कोणासही घरबसल्या पाहता येतो. मराठी विश्वकोश तसाच उघडा आहे. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ साली निघाले. त्याचे जुने अंक वाचावयास मिळतात. मराठीच्या शिक्षकाने एखादा शब्द वर्गात अडला असता तो तेथल्या तेथे कोशात काढून दाखविला, तर विद्यार्थ्यांस शब्दाचा अर्थ तर कळतोच, शिवाय शिक्षकही शोधतो, त्यासही अडते, हेही कळते. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कमी महत्त्वाची नाही.

सरकारनेही व्यवस्था केली आहे. 'दीक्षा' हे शिक्षणाचे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी, तेव्हाचे उपराष्ट्रपती श्री. वेंकय्या नायडू यांच्या हस्ते सुरू झाले. शिक्षकांसाठी 'निष्ठा' नावाचे प्रशिक्षण २०१९ मध्ये निघाले व साथीच्या काळात, २०२० साली, ते मोबाईलवर आले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकास दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक शिक्षण मिळावे असे म्हटले आहे. कल्पना उत्तम. परंतु ५० तास पुरे केल्याचे प्रमाणपत्र मिळविणे आणि ५० तास शिकणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. चित्रफीत एकीकडे चालू ठेवून दुसरीकडे उत्तरपत्रिका तपासणे सहज शक्य असते. आम्ही कोणावर ठपका ठेवीत नाही. तपासावयाच्या उत्तरपत्रिका खऱ्याच असतात आणि दिवसाचे तास मोजकेच. भरीस भर म्हणजे, आज कोणत्या उपक्रमाचे छायाचित्र पाठवा, उद्या कोणती माहिती सायंकाळपूर्वी भरा, असे निरोप शिक्षकाच्या मोबाईलवर एकसारखे येत असतात. ज्या यंत्राने शिकविण्यास वेळ मोकळा करावयाचा, तेच वेळ खाऊन टाकते. वृक्षारोपणाचे छायाचित्र निघते, झाडास पाणी घालावयास कोणी उरत नाही!

शिक्षकाच्या उन्नतीसाठी एक साधन मात्र असे आहे की त्यास ना इंटरनेट लागते ना प्रमाणपत्र. ते म्हणजे मोबाईलमधील ध्वनिमुद्रण. आपलाच एक तास शिक्षकाने टेबलावर मोबाईल ठेवून मुद्रित करावा आणि रात्री एकट्याने ऐकावा. मेरी बड रो या अमेरिकन विदुषीने १९७० च्या सुमारास वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून एक साधी मोजणी केली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतो? सरासरी सुमारे एक सेकंद! तेवढ्यात उत्तर न आले तर शिक्षक प्रश्न पुन्हा विचारी, दुसऱ्या मुलास उठवी किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळा होई. हीच थांबण्याची वेळ तीन सेकंदांवर नेली असता मुलांची उत्तरे लांब व सविस्तर होऊ लागली, 'माहीत नाही' म्हणणे कमी झाले, आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. तीन सेकंद ही किती दीर्घ शांतता आहे, हे वर्गात उभे राहिल्याशिवाय कळावयाचे नाही. विद्यार्थिमित्रहो, तुमचे शिक्षक प्रश्न विचारून गप्प उभे राहिले, तर ते विसरले असे समजू नका. ते तुमच्यासाठी थांबले आहेत.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी निघाल्यापासून विद्यार्थ्यांचे निबंध एकाएकी फार शुद्ध येऊ लागले आहेत, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्याचा उपयोग शिक्षकही करितात. एकाच पाठावर सोपे, मध्यम व कठीण असे वीस प्रश्न त्याच्याकडून क्षणात मिळतात व त्यांतले सात ठेवून तेरा टाकावे लागतात. कोणते टाकावयाचे हे ज्यास कळते, त्यास ते यंत्र चांगला उमेदवार वाटेल. विद्यार्थ्यास मात्र टाकावयाचे कोणते हेच अजून शिकावयाचे असते. म्हणून आमच्या वर्गात निबंधाचा पहिला खर्डा वर्गातच, हाताने लिहिला जातो, व तो पुढेही तसाच लिहिला जाईल.

राहता राहिले घर. 'असर' या पाहणीप्रमाणे ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी स्मार्टफोन घरी असणारी २०१८ साली ३६.५ टक्के होती, ती २०२१ साली ६७.६ टक्के झाली. पण घरी फोन असूनही जवळजवळ चौथा हिस्सा मुलांच्या हाती तो अभ्यासासाठी पडत नव्हता. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी मागील आठवड्यात फोनचा उपयोग काही शिकण्यासाठी केल्याचे सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी सुमारे ७६ टक्क्यांनी. हे आकडे पाहून फोन कपाटात कुलूपबंद करावा असे आम्ही म्हणत नाही. पालकांस एवढीच विनंती आहे की, मुलगा किंवा मुलगी पाठाची चित्रफीत पाहून उठली की फोन हाती घेऊन तिला विचारावे, "काय पाहिलेस ते मला सांग पाहू." आईस विषय ठाऊक नसला तर अधिकच बरे, न कळणाऱ्यास समजावून सांगताना आपणांस किती कळले ते उघडे पडते.

आता पालकसभेच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. डिजिटल फळ्यांस आमचा विरोध नाही. प्रत्येक वर्गात तो बसविण्याऐवजी तूर्त दोन खोल्यांत बसवावा, त्या खोल्या आळीपाळीने वापराव्या, आणि वाचलेल्या पैशांतून कारकुनी कामास अर्धवेळ मनुष्य नेमावा, म्हणजे माहिती भरण्याचे काम शिक्षकांच्या डोक्यावरून उतरेल, असे आमचे मत आहे. त्यातून आठवड्यास एक तास सुटेल. शुक्रवारचा शेवटचा तास त्यासाठी सोयीचा आहे, कारण त्या वेळी सर्व वर्ग मैदानावर असतात. त्या तासास एका विषयाच्या शिक्षकांनी एकत्र बसून पुढील आठवड्याचा एकच पाठ निवडावा, कोणी कोठे अडखळला ते मुद्रण ऐकून पाहावे, कोणते चित्र दाखवावे व केव्हा बंद करावे ते ठरवावे. या योजनेवर खर्च किती येईल याचा अंदाज आम्ही लवकरच मुख्याध्यापकांकडे देणार आहोत. ज्या पालकांस ही योजना पसंत असेल, अथवा नसेल, त्यांनी आपले म्हणणे जूनमध्ये वेळापत्रक ठरण्यापूर्वी दोन ओळी लिहून शाळेच्या कचेरीत अवश्य पाठवावे.